तोरिनोंतील एक जीर्णोद्धार

इटलीस जाणारा आपल्याकडील प्रवासी बहुधा रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस एवढीं तीन नांवें घोकून निघतो व तेवढींच पाहून परत येतो. उत्तरेकडील तोरिनो, ज्यास इंग्रजी नकाशांत ट्युरिन म्हणतात, तें त्याच्या यादींत सहसा नसतें. आमच्या यादींत तें प्रथमपासून होतें, आणि तें दोन कारणांनीं. पहिलें कारण आमच्या विद्येचें. श्लेगेल यांच्या हातून अपुरें राहिलेलें वाल्मीकिरामायणाच्या मुद्रणाचें काम गास्पारे गोर्रेसिओ या पंडितांनीं गौडपाठ धरून पॅरिस येथें तडीस नेलें. ते या तोरिनोचे, आणि १८५२ सालीं येथील विद्यापीठांत त्यांनीं संस्कृतचें अध्यापन सुरू केलें. दुसरें कारण घरचें. आमचे चुलतबंधूंचे चिरंजीव येथें एका कारखान्याच्या आराखडे विभागांत सात वर्षें नोकरीस आहेत. “काका, एक जुनी गाडी उघडून बसलों आहें, तुम्ही येऊन पाहाच,” असें त्याचें टुमणें दोन वर्षें चाललें होतें.

शहर काटकोनांत आंखलेलें आहे. मुख्य रस्त्यांच्या दुतर्फा कमानींच्या पडव्या इतक्या दूरवर गेल्या आहेत कीं, पावसांतहि छत्री न उघडतां हिंडतां येतें. पश्चिमेस व उत्तरेस आल्प्सचीं शिखरें, पूर्वेस पो नदी आणि तिच्यापलीकडे हिरव्या टेकड्या. गोर्रेसिओंविषयीं आम्ही येथें अधिक लिहीत नाहीं, तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. आज सांगावयाचें तें मोटरीविषयीं. कारण या शहराचा गेल्या सव्वाशें वर्षांचा इतिहास म्हणजे मुख्यतः फियाट या एकाच कारखान्याचा इतिहास होय.

त्या कारखान्याची लिंगोत्तो येथील जुनी इमारत अवश्य पाहावी. जाकोमो मात्ते-त्रुक्को या इंजिनियरांनीं रचलेली ही पांचमजली वास्तु १९२३ मध्यें पुरी झाली. लांबी सुमारें अर्धा किलोमीटर. कच्चा माल तळमजल्यावर शिरे, मजल्यागणिक मोटर आकारास येई, आणि अखेर ती गच्चीवर निघे. त्या गच्चीवरच तिच्या परीक्षेची धांवपट्टी, दोन्ही टोकांस विहिरीच्या कांठासारखीं कललेलीं वळणें असलेली! यज्ञाची वेदी जमिनीवर मांडून कलश आकाशांत ठेवावा तसा हा प्रकार. १९८२ सालीं तेथील काम बंद झालें, पुढें रेन्झो पियानो यांच्या योजनेनें इमारतींत दुकानें, सभागृहें व हॉटेलें आलीं, आणि २०२१ मध्यें गच्चीवर बाग झाली. आम्ही त्या कललेल्या वळणाशीं उभे राहून खालीं पाहिलें तेव्हां पोटांत कालवल्यासारखें झालें. पुतण्या मात्र तेथें लॅव्हेंडरचीं रोपें पाहत होता.

ज्या धाकट्या गाडीसाठीं आम्हांस बोलावणें होतें ती मात्र मुख्यतः येथली नव्हे. शहराच्या दक्षिण भागांत मिराफिओरी नांवाचा त्याहून मोठा कारखाना १९३९ मध्यें उघडला. तिचा जन्म तिकडचा. तिचे जनक दान्ते जाकोसा (१९०५ ते १९९६). महायुद्धानंतर इटलींतील सामान्य गृहस्थ बायकामुलांस स्कूटरवर बसवून हिंडे. त्यास डोक्यावर छप्पर असलेलें वाहन परवडेल अशा दरांत द्यावयाचें हा प्रश्न होता. जाकोसांनीं १९५५ सालीं ‘सहाशें’ ही गाडी काढली, आणि ४ जुलै १९५७ रोजीं ‘नवी पांचशें’. लांबी अवघी पावणेदहा फूट, वजन पांचशें किलोच्या आंतबाहेर, सिलिंडर दोन, आणि पहिल्या गाडींत ताकद तेरा अश्वांची. १९७५ सालीं सिसिलींतील तेर्मिनी इमेरेसे येथें तिची निर्मिति थांबली, तोंवर पस्तीस लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. २०१७ मध्यें न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें एक ‘पांचशें’ आपल्या संग्रहांत घेतली.

या गाडीचें इंजिन मागें असतें. आपणांस याचें नवल वाटूं नये, कारण पुण्याच्या अभियंत्यांनीं जी नॅनो २००८ च्या जानेवारींत लोकांपुढें मांडली तिचेंहि दोन सिलिंडरांचें इंजिन मागेंच होतें. आणि तिच्या बाह्यरूपाच्या कामांत तोरिनोच्याच एका रचनासंस्थेचें साह्य होतें. (नॅनोचें आयुष्य १९७५ पर्यंतच्या या बाईसारखें अठरा वर्षांचें झालें नाहीं, २०१८ मध्यें ती थांबली. त्याचें दुःख आम्हांस आहे.) आपल्या परिचयाची कुर्ल्याची पद्मिनी हीहि मूळची फियाटच, परंतु तिचें इंजिन पुढें. इंजिन मागें ठेवण्यांत लाभ हा कीं, पुढून मागें शक्ति नेणारा लांब दांडा लागत नाहीं. त्यामुळें आंतील जमीन सपाट राहते आणि तेवढ्याशा पेटींत चार माणसें मावतात. ओझें चालत्या चाकांवर पडतें म्हणून चढावर चाकें घसरत नाहींत. इंजिन हवेनें थंड होतें, तेव्हां आल्प्सच्या हिंवाळ्यांत पाणी गोठण्याचें भय नाहीं. तोटा असा कीं, शेपूट जड होते. ओल्या वळणावर भलत्या वेळीं वेगाचा पाय उचलला तर मागचा भाग पुढें जाऊं पाहतो. शिवाय दोन्ही दट्टे एकदमच वर व एकदमच खालीं जात असल्यामुळें उभ्या गाडींत बसलें असतां जात्यावर बसल्याचा भास होतो.

आतां पुतण्याच्या गाळ्याकडे वळूं. त्याच्या बिऱ्हाडाच्या मागील चौकांत तो गाळा आहे. गाडी १९६८ ची, फिकट निळी. तिचे मूळ मालक मिराफिओरीच्या रंगखात्यांत कामास होते. ते वारल्यावर ती कित्येक वर्षें झांकून पडली होती. त्यांच्या पत्नी त्याच चौकापलीकडे दुसऱ्या मजल्यावर राहतात, वय ऐंशीच्या घरांत. गाडी विकतांना त्यांनीं अट कांहींच घातली नाहीं. मात्र रोज सकाळीं खिडकींतून चौकशी होई, आणि अट नसलेली ती चौकशी अटीपेक्षां जड आहे असें पुतण्याचें म्हणणें.

गंजानें जमिनीचा पत्रा पार खाल्ला होता. या गाडीस वेगळा सांगाडा नाहीं. पत्र्याची पेटी हाच तिचा कणा. म्हणून जुनी जमीन कापण्यापूर्वीं दरवाज्यांच्या चौकटींत लोखंडी आडवे दांडे झाळून घ्यावे लागतात, नाहींतर पेटी मधोमध बसते आणि मग दरवाजे जन्मांत लागत नाहींत. आपल्या वाड्यांत खांब बदलतांना तुळईस टेकू देतात, तसेंच हें. नव्या जमिनी, नवे पंखे, सर्व भाग आजहि इटलींत तयार मिळतात. पत्रा मात्र जुन्याइतका जाड नसतो असा एका वृद्ध मिस्त्रींचा अभिप्राय पडला. हे मिस्त्री रविवारीं मदतीस येत. पुढच्या चाकांच्या खुंट्यांस ग्रीस वेळच्या वेळीं न मिळाल्यामुळें त्या धरल्या होत्या. त्या काढण्यांत दोन आठवडे गेले. इंजिनास तेल गाळण्याची कागदी गाळणीहि नाहीं. पट्ट्याच्या चाकांतच तेल गरगर फिरवून गाळ कडेस बसवण्याची युक्ति आहे. पुतण्यानें तें चाक उघडलें तेव्हां आंत काजळासारखा थर निघाला.

येथपर्यंत वाद नव्हता. वाद पुढें निघाला. मिस्त्री म्हणूं लागले, “या इंजिनांत अठरा अश्व. ‘एकशेंसव्वीस’ गाडीचें साडेसहाशें घनांचें इंजिन याच जागीं बसतें, आणि तिच्या गिअरबॉक्सांत दांत आपोआप जुळतात. तोच बसव. मी जन्मभर या गाड्यांचे दांत खरडलेले ऐकले आहेत.” ही ‘एकशेंसव्वीस’ म्हणजे १९७२ मध्यें आलेली ‘पांचशें’ची वारस. ती पोलंडमध्यें २००० सालापर्यंत होत राहिली, त्यामुळें तिचीं इंजिनें मुबलक. गाडीस अधिक बळ देण्याची ही हौस नवी नव्हे. व्हिएन्नांत जन्मलेल्या कार्लो आबार्थ यांनीं याच तोरिनोंत त्यावर मोठा धंदा उभारला. वृश्चिक राशीवर जन्म म्हणून विंचू हें त्यांच्या गाड्यांचें चिन्ह. धूर सोडण्याचे त्यांचे नळ आणि लांकडी पेटींतून विकलें जाणारें बदलाचें साहित्य घरोघरचे तरुण विकत घेत. १९६३ मधील त्यांच्या ‘पांचशें पंचाण्णव’नें तेराअठरांचे सत्तावीस अश्व केले. मागचें झांकण उघडें टेकवून ठेवण्याची चाल त्यांचीच, तप्त इंजिनास वारा मिळावा म्हणून.

पुतण्याचें मन उलट दिशेनें धांवत होतें. जुन्या गाड्यांची तपासणी करून प्रमाणपत्र देणारी, १९६६ सालीं स्थापन झालेली संस्था याच शहरांत आहे. तिच्या परीक्षकांपुढें गाडी कारखान्यांतून निघाली तशी उभी करावी असा त्याचा निश्चय. त्यासाठीं त्यानें कारखान्याच्या नमुन्याचा नवा धूर-नळ आणून ठेवला होता. जुना दुतोंडी, मोठ्या आवाजाचा नळ भिंतीशीं पडला होता. त्यानें आम्हांस विचारलें, “काका, तुम्हीच सांगा, बदलूं कीं ठेवूं?”

आम्ही व्याकरणाचे मास्तर. आमच्या शास्त्रांत जुनी समजूत आहे कीं, आगम हा मित्रासारखा आणि आदेश हा शत्रूसारखा. आगम शेजारीं येऊन बसतो, मूळ अक्षरास धक्का लावीत नाहीं. आदेश मूळ अक्षरास घालवून त्याची जागा बळकावतो. आम्ही त्यास म्हटलें, “आसनपट्टे बसव, तो आगम आहे आणि जिवाचा रक्षक आहे. इंजिन बदलणें हा आदेश. शिवाय सरकारी कागदावर नोंद एका इंजिनाची आणि गाडींत दुसरें, हें कोणत्याहि देशांत बरें नव्हे. बाकीचें त्या बाईंस विचार.” शेवटचें वाक्य आम्ही सहज बोललों होतों.

त्या बाई काठी टेकीत खालीं आल्या. भिंतीशीं पडलेला नळ त्यांनीं प्रथम पाहिला आणि त्याच्याजवळच उभ्या राहिल्या. पुतण्यानें दुभाषाचें काम केलें. १९७४ मध्यें यजमानांनीं पगारांतून शिल्लक टाकून तो नळ घेतला. चौकांतल्या लोकांनीं तक्रार केली, तरी काढला नाहीं. रात्रपाळीहून ते परततांना कोपऱ्यावर आवाज येई आणि बाई चुलीवर भांडें ठेवीत. बाईंनीं एवढेंच सांगितलें. तो ठेव अगर टाक असें त्या म्हणाल्या नाहींत.

प्रश्न आतां आमच्याहि व्याकरणाबाहेर गेला. मूळ म्हणजे कोणतें? कारखान्यानें १९६८ सालीं बाहेर सोडली ती गाडी, कीं एका कामगारानें आपल्या हातानें बदलून वर्षानुवर्षें चालवली ती? शिल्पशास्त्रांत जीर्णोद्धार हा स्वतंत्र विषय मानला आहे. जुन्या देवालयांत मूळ बांधकामावर पुढच्या पिढ्यांनीं चढवलेला सभामंडप पाडून मूळ गाभारा उघडा करावा काय, असा प्रश्न आपल्याकडेहि येतो. आमचें मत विचाराल तर, भक्तीनें चढवलेला मंडप पाडूं नये; सोयीसाठीं घातलेला पत्रा खुशाल काढावा. मिस्त्रींस हें मत पटलें नाहीं. त्यांच्या मतें सोय हीच भक्ति. पुतण्या आठ दिवस कोणाशीं फारसा बोलला नाहीं.

मग त्यानें जुन्या इंजिनाचे सिलिंडर मोठे कोरून नवे दट्टे घातले. गिअरबॉक्स होता तोच ठेवला. जुन्या नळास भोकें पडलीं होतीं, तीं झाळून तोच परत चढवला, आणि नवा नळ कपाटावर ठेवून दिला. प्रमाणपत्राचे परीक्षक काय म्हणतील तें तो पाहून घेईल. दोन आसनांच्या मधल्या लहान दांडीनें हें इंजिन सुरू होतें. पहिल्या दिवशीं ती दांडी ओढण्याचा मान त्यानें बाईंस दिला. तिसऱ्या ओढीस इंजिन लागलें आणि सगळा चौक खिडक्यांत आला.

आमच्या मुक्कामाच्या अखेरच्या रविवारीं आम्ही सुपेर्गाच्या टेकडीवर गेलों. तेथें युव्हारा यांनीं बांधलेलें भव्य चर्च आहे, आणि त्याच्या मागील भिंतीशीं ४ मे १९४९ रोजीं विमान आदळून तोरिनोचा जवळजवळ सबंध फुटबॉल संघ गेला. तेथें अजून लोक फुलें ठेवतात. बाई पुढें बसल्या, आम्ही मागें. मागची बैठक कोणाच्या मापाची आहे हें जाकोसाच जाणोत. आमचे गुडघे हनुवटीशीं होते आणि कापडी छप्पर उघडें असल्यामुळेंच मस्तकास जागा मिळाली. चढावर दुसरा गिअर घालतांना दांत करकरले. बाई पुतण्यास हळूच म्हणाल्या, “आधीं क्लच, मग मोकळा सोड, किंचित् वेग दे, पुन्हां क्लच, आणि मग घाल.” त्यांनीं स्वतः गाडी कधीं चालवली नव्हती, तीस वर्षें शेजारीं बसून ऐकलें होतें. पुढच्या वळणावर गिअर बिनआवाज पडला. वर पोंचल्यावर इंजिन गार होण्यासाठीं झांकण उघडून टेकवलें, खालीं सगळें शहर आणि पलीकडे बर्फाची रांग दिसत होती, आणि मिस्त्रींनीं दिलेली भाकरीएवढी चीजची पोळी आम्ही तिघांनीं वांटून खाल्ली. उतरतांना पुतण्यानें गाडी तिसऱ्यांत धरून आणली. बाईंनीं वाटेंत एकहि सूचना केली नाहीं.