पहिला पेला

माझे माहेर पेणचे, सासर कुंडलिकेकाठच्या रोह्याचे. लग्नानंतरच्या पहिल्या वैशाखात मी काकडीचे सरबत केले. काकडी किसून रस गाळला. लिंबू पिळून साखर, चिमूटभर मीठ अन् माठातले पाणी घातले. देठाकडची चकती चाखायची तेवढी राहिली. पाण्याचा ताण पडलेली काकडी देठाशी कडू होते, हे आईने हजारदा बजावले होते!

पहिला पेला मामंजींचा. घोट घेऊन ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, “सगळे मलाच ठेव हो, उन्हातून आलोय.”

पेला विसळण्यापूर्वी तळाचा थेंब मी चाखला आणि डोळेच भरून आले. आज मामंजी नाहीत. पण त्या कडू घोटानेच रोहे माझे झाले.