काटो गावलो काय?

ऑपरेशन थिएटरात टेक्निशियन म्हणून माझा तिसरा आठवडा. जांभळ्या व्हेपोरायझरमध्ये आयसोफ्लुरेन, पिवळ्यात सेव्होफ्लुरेन, इतकं पाठ झालं होतं. गॅस दिला की माणूस झोपतो, बंद केला की उठतो. माझं ज्ञान तिथेच संपत होतं.

मग मालवणचे एक रापणकर काका आले. शिंगाळ्याचा काटा तळहातात मोडून पाच दिवस झालेले. "चार दिसात बरो जातलो म्हणान गप रवलंय," ते म्हणाले. सूज बगलेपर्यंत, अंगात हुडहुडी, प्रेशर खाली. जंतू रक्तात उतरले असावेत, म्हणून भूलतज्ज्ञ मॅडमनी कल्चरच्या बाटल्यांत रक्त घेतलं, लगेच अँटिबायोटिक आणि सलाइन सुरू केलं. बगलेत सूज, तेव्हा नुसता हात बधिर करणं नको. पूर्ण भूल द्यायची ठरली.

"सेव्हो कमीवर ठेवू," मॅडम म्हणाल्या. "अशा पेशंटला थोडा गॅस पुरतो, आणि जास्त झाला तर प्रेशर आणखी पडतं. शिवाय हा गॅस पांढऱ्या पेशींनाही पेंग आणतो."

पांढऱ्या पेशींना पेंग? मी मॉनिटर सोडून त्यांच्याकडे बघत राहिलो, आणि ओरडा खाल्ला.

नंतर चहा पिताना त्यांनी उलगडून सांगितलं. जंतूंपर्यंत पोचायचं तर रक्तात वाहणाऱ्या पांढऱ्या पेशीला आधी रक्तवाहिनीची भिंत धरावी लागते. त्यासाठी तिच्याकडे 'एलएफए-१' नावाचं प्रथिन असतं. आपला गळच म्हण. या गळाच्या खोबणीत आयसोफ्लुरेनचा रेणू कसा बसतो, ते 2009 मध्ये स्फटिकाच्या अभ्यासातून दिसलं. शंका मात्र जुनी. ईथरमुळे पांढऱ्या पेशींचं जंतू गिळणं मंदावतं का, हे अमेरिकेतल्या एव्हार्ट्‌स ग्रॅहम यांनी 1911 मध्येच तपासलं होतं.

मी वहीत लिहिलं : 'गॅस वाईट.'

"खोड ते," मॅडम म्हणाल्या. 2013 च्या एका प्रयोगात आतडं टोचून पोटात जंतू पसरवलेले उंदीर सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन दिल्यावर जास्त जगले. उलट, शिरेतून देतात ते दुधासारखं प्रोपोफॉल. त्याने उंदरांच्या रक्तातला स्टॅफिलोकॉकसचा संसर्ग आणखी पसरला.

माझं डोकं गरगरलं.

"अरे, पेशी कधी पिसाळतात, स्वतःचीच फुप्फुसं, किडन्या जाळतात, तेव्हा पेंग बरी. जंतू फोफावत असताना पेंग आली तर घात," त्या म्हणाल्या. "मग डायल कशावर ठेवायचा?" मी विचारलं.

"प्रेशर बघून. उंदीर बघून नव्हे."

रिकव्हरीत काकांनी डोळे उघडले, आणि पहिला प्रश्न : "काटो गावलो काय?"

गॉजमधला नखाएवढा काळपट तुकडा मी त्यांच्यापुढे धरला. तो काढायचा म्हणून तर गॅस दिला होता; चहाच्या कपावर मी हेच विसरलो होतो.