अर्धा मिलिमीटर

मी गोरेगावचा. आमच्या पट्ट्यातला पोरगा आयटीआय करून फिटर झाला, की त्याची नजर शेजारच्या तिरोड्याकडे वळते. तिथल्या वीज प्रकल्पात ६६० मेगावॅटचे ५ संच आहेत, एकूण ३३०० मेगावॅट. मी मात्र ठेकेदाराबरोबर शटडाउनच्या कामांवर बाहेरच फिरलो. मोठमोठे स्टड ताणण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि त्यातली कितीतरी वर्षं मी एक चुकीची समजूत घट्ट धरून होतो.

टेन्शनर लावला की लांबी मोजायची गरज नाही, असं मी म्हणायचो. पान्याने नट आवळताना लावलेल्या जोराचा जेमतेम दहावा हिस्सा बोल्टच्या ताणात उतरतो. बाकीचा जोर नटाखालचं आणि आट्यांमधलं घर्षण खातं. हायड्रॉलिक टेन्शनर स्टडला सरळ ओढतो. त्या अवस्थेत नट टॉमी बारने खाली बसवायचा आणि दाब सोडायचा. घर्षणाची कटकट मिटली, पंपाच्या गेजवर ठरलेला आकडा आला, मग आणखी काय मोजायचं? मापं मागणारे साहेब मला उगाच वेळ घालवणारे वाटायचे. हाताखालच्या पोरांनाही मी तेच शिकवलं.

मग राज्याबाहेरच्या एका साइटवर आम्ही बंद केलेल्या फ्लँजमधून दोन दिवसांत वाफ झिरपू लागली. सगळ्या स्टडना दाब सारखाच दिला होता, पंपाची नोंदही हजर होती. साहेबांनी एवढंच विचारलं, “भाऊ, ताणण्याआधीची लांबी किती होती?” ती मी लिहिलीच नव्हती. त्यामुळे कोणत्या स्टडमध्ये किती ताण उरलाय, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

संच थंड झाल्यावर सगळं सोडवून पुन्हा ताणलं, या वेळी मोजून. त्या स्टडच्या मधोमध खोल छिद्र होतं. त्यात एक बारीक गेज रॉड, तळाशी पक्का, वर मोकळा. स्टड ताणला की लांब होतो, रॉड आहे तेवढाच राहतो, म्हणून रॉडचं टोक तोंडापासून खोल जातं. ते अंतर डेप्थ मायक्रोमीटरने घ्यायचं. ताणली जाणारी लांबी ५०० मिलिमीटर होती आणि दाब सोडल्यावर वाढ उरायला हवी होती अर्धा मिलिमीटर, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे २०० न्यूटन ताण. बहुतेक स्टड त्याच्या आसपास आले. एक भरला फक्त ०.३६. गेजवरचा दाब त्यालाही तोच होता. नट काढून पाहिला, तर आट्यांत कचरा. नट पुरता टेकलाच नव्हता.

त्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. गेज सांगतो ती पंपाची ओढ. दाब सोडला की भार नटावर येतो, आटे बसतात, नट किंचित दबतो आणि स्टड थोडा आखडतो. स्टड आखूड असेल तर ही घट जास्त जाणवते. शेजारचे स्टड ताणले की आधीचे सैल होतात, म्हणून दुसरी फेरी लागते. यातलं काहीच पंपाला कळत नाही.

तापमानाचंही तसंच. आमच्याकडच्या मे महिन्यात सकाळचं आणि दुपारचं लोखंड एक नसतं. १० अंशांच्या फरकाने ५०० मिलिमीटरचा स्टड ०.०६ मिलिमीटर वाढतो. गेज रॉड नसताना स्टडची लांबी थेट मोजत असाल आणि सकाळी पहिलं माप घेऊन दुपारी दुसरं घेतलं, तर नसलेला ताण आहे असं दिसेल.

हे मला उशिरा पटलं, आणि मी ज्यांना चुकीचं शिकवलं ती पोरं आज इतर साइटवर काम करतात. त्यांच्यासाठी हे लिहिलं. पोरांनो, पंप सुरू करण्याआधी प्रत्येक स्टडवर नंबर टाका, त्याची लांबी आणि तापमान वहीत लिहा, आणि टेन्शनर काढल्यावर पुन्हा मोजा. ही वही साइटवर ठेवून या. पुढच्या ओव्हरहॉलला येणाऱ्या फिटरला ती लागेल.