अर्धं तिकीट

माझा मोठा मुलगा अकरावीत आहे. ईदीचे पैसे साठवून त्याला कॉम्प्युटरवरचा एक गेम घ्यायचा होता. एका जुम्याला नमाजहून आल्यावर तो मोबाइल घेऊन माझ्याजवळ बसला. "अब्बू, हाच गेम दुसऱ्या देशात आपल्यापेक्षा खूप स्वस्त मिळतो. आपण तिथले आहोत असं दाखवायचं, बस्स. माझ्या मित्राचा भाऊ करून देतो."

मला आधी नवल वाटलं ते भावाचं. जालन्याची मोसंबी मुंबईत महाग का, हे कळतं. ट्रकभाडं, हमाली, आडत, नासाडी. पण डाउनलोड होणाऱ्या गेमला ना ट्रक लागतो, ना हमाल. मग देशागणिक भाव वेगळा का?

मुलानेच समजावलं. त्या देशातल्या गिऱ्हाइकाच्या खिशाला काय झेपेल, ते पाहून कंपन्या भाव ठरवतात. स्टीम या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून आपल्यासाठी रुपयांत भाव आहेत आणि पुष्कळ गेम अमेरिकेपेक्षा आपल्याला स्वस्त पडतात. वाढही सगळीकडे सारखी नसते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सोनीने युरोप, जपानमध्ये प्लेस्टेशन ५ महाग केला, अमेरिकेत मात्र केला नाही. आपल्याकडे ४९,९९० रुपयांना आलेलं ते यंत्र त्याच वर्षाअखेर ५४,९९० वर गेलं. मोठा गेम अमेरिकेत आधी ६० डॉलरला मिळायचा, मग ७० झाला. २०२५ मध्ये निन्टेन्डोने 'मारिओ कार्ट वर्ल्ड' ८० डॉलरला आणला.

मी म्हणालो, "म्हणजे हे एसटीसारखं झालं. गाडी तीच, सीट तेच. पण बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. सवलत ज्याची, त्यानेच घ्यावी. खोटं वय सांगून अर्धं तिकीट काढणं हलाल नाही."

तो क्षणभर गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "अब्बू, औरंगाबादला जाताना तुम्ही कंडक्टरला माझं वय बारा सांगितलं होतं. मी तेरा वर्षांचा होतो."

आतून त्याच्या अम्मीचं हसणं ऐकू आलं. मला मात्र उत्तर सुचेना. शाळेत मुलांना खरं बोलण्यावर निबंध लिहायला लावणारा मास्तर मी.

रात्री आम्ही दोघांनी अजून वाचलं. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात गेम फार स्वस्त होते. बाहेरचे लोक तिथले रहिवासी असल्याचं भासवून ते घेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमने या दोन्ही देशांचं स्थानिक चलनच बंद केलं आणि भाव डॉलरमध्ये आणले. चलनाच्या चढउताराचं कारण दिलं गेलं. पण खोट्या पत्त्यांवरची खरेदीही कुणापासून लपलेली नव्हती. तिथल्या पोरांसाठी कित्येक गेमचे भाव एका दिवसात अनेक पटींनी वाढले. ज्यांनी खोटे पत्ते दिले, त्यांचं काय बिघडलं? ते आपापल्या देशाच्या भावाकडे परतले.

"उद्या असंच कुणी भारतीय असल्याचं दाखवलं तर?" मी विचारलं.

"मग आपले रुपयांतले भाव जातील," तो म्हणाला.

"आणि त्या तिकिटाचं," मी म्हणालो, "तेव्हा मी चुकलो होतो. थोडे पैसे वाचवले आणि तुला खोटं शिकवलं."

तो काही बोलला नाही. सेल लागेपर्यंत थांबला आणि गेम रुपयांतच घेतला. पत्ता जालन्याचा दिला.