काटेपूर्णेच्या रानातील रानचिमणी

वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला. पण काटेपूर्णा अभयारण्य आजही दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले आहे. मालेगाव तालुक्याकडून आम्ही या रानात गेलो, ते उन्हाळ्यात. साग, पळस, धावडा अशी विरळ झाडी. तिथेच पाचोळ्यात दाणे टिपताना रानचिमणी दिसली.

घरच्या चिमणीपेक्षा ही सडपातळ. नराच्या खांद्यावर तांबूस पट्टा, गळ्यावर पिवळा ठिपका. दाणे खाते, किडे खाते, फुलांतला मधही पिते. लहानपणी सालीम अली यांनी छऱ्याच्या बंदुकीने अशीच एक चिमणी पाडली. ती कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पुढे पक्षीशास्त्रज्ञ झाले.

ही चिमणी झाडाच्या ढोलीत अंडी घालते आणि ढोली बहुधा जुन्या झाडालाच असते. आमच्या मायबहिणी पडलेल्या काटक्या सरपणाला वेचतात, त्याने तिचे घर मोडत नाही. धुऱ्यावरचे जुने झाड तोडले, की मोडते. म्हणून वाचकहो, कुऱ्हाड उचलण्याआधी एकदा ढोलीत डोकावून पाहा. आणि पोरांच्या हातातली गलोल काढून त्यांना ही चिमणी ओळखायला शिकवा.