सात जणांची परदेशवारी आणि वहीतला हिशेब



आम्ही सगळे मे महिन्यात इंग्लंडला निघालोय हे कळल्यापासून देरासरात, बाजारात, एसटीतसुद्धा दोनच प्रश्न कानावर येतात. खर्च किती? आणि चौविहाराचं काय करणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि आमच्या घरात ते एकमेकांत इतके गुंतले की दोन्हींचं उत्तर एकदमच लिहिते. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं उलटली, तरी जमाखर्चाची वही अजून माझ्याच हातात आहे, त्यामुळे आकडे माझ्या हिशेबातले आहेत. तुम्हाला लागतील ते थोडे वेगळे असतील.

आम्ही सात जण. मी आणि आमचे हे, माझ्या थोरल्या नणंदबाई (वय ७१, आमच्याकडेच असतात), मुलगा, सूनबाई आणि नऊ व सहा वर्षांची दोन नातवंडं. सुरुवातीलाच आम्ही एक मर्यादा ठरवली : साडेसहा लाख. भिशीचे, दुकानातून दरमहा बाजूला टाकलेले आणि मुलाने साठवलेले. कर्ज काढायचं नाही, ठेव मोडायची नाही. परिग्रहाला परिमाण असावं असं आपण म्हणतो, ते सहलीलाही लागू आहेच. बहुतेक घरांत आधी ठिकाण ठरतं आणि मग पैशांची जुळवाजुळव होते. आकडा आधी ठरवला की निम्मे वाद मिटतात.

पहिलं ठिकाण निघालं ते केनिया. यांना त्याचं फार वेड. आपलं म्हसळं जंजिरा संस्थानात होतं, त्याला जुनी माणसं हबसाण म्हणत. तिथले सिद्दी नवाब मुळात आफ्रिकेतून आलेले. १९४८ साली संस्थान विलीन झालं, पण राजपुरीच्या खाडीकडे बघत "या पाण्याच्या पलीकडे आफ्रिका" हे यांनी लहानपणापासून ऐकलेलं. शिवाय आपल्या धर्माचा धागा आहेच. जामनगरकडच्या हालारी ओसवाळांनी १८९९ च्या सुमारास तिकडे जायला सुरुवात केली, दुकानं टाकली, संसार थाटले. मोंबासाला लँगोनी रोडवर १९६३ साली बांधलेलं देरासर आहे. नैरोबीतही देरासर आहे. म्हणजे शुद्ध जेवणाची चिंता नाही.

हिशेबही बसत होता. मुंबईहून नैरोबीचं जाऊन-येऊन तिकीट आम्हाला माणशी छत्तीस हजारांच्या आसपास दिसलं, म्हणजे सात जणांचे २,५२,०००. प्रवेशाची ऑनलाइन परवानगी माणशी साधारण तीस डॉलर. राहणं, मोंबासाची रेल्वे आणि प्राणी बघायला गाडी धरून सगळे मिळून सहा लाख दहा हजार. मर्यादेच्या आत.

मग लशीचा विषय आला. केनियासारख्या देशातून भारतात परतताना पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला लागतो. लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. दाखला नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. आम्ही डॉक्टरांना विचारलं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेताना गंभीर त्रासाची शक्यता वाढते, म्हणून फार गरज असेल तरच देतात. घरात साठीपुढचे आम्ही तिघं. दुसरी गोष्ट नणंदबाईंनी स्वतःच विचारली, "ही बनते कशी?" ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात.

त्या दिवशी घरात कुणी फारसं बोललं नाही. मुलाचं म्हणणं, औषधाला आगार असतो, जीव वाचवायला आपण काय काय घेतो. ते बरोबरच आहे. कुणाची नोकरी तिकडे असेल, कुणाची लेक तिकडे बाळंत होणार असेल, तर तिने लस घेतली म्हणून मी तिला बोट लावणार नाही. पण आगार असतो तो अडचणीसाठी. आपण तर मौजेला निघालो होतो. सिंह बघायला नाही गेलो तर काही बिघडत नाही, आणि त्यासाठी हा आगार वापरायचा हे नणंदबाईंच्या मनाला पटेना. त्या शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही सगळे जाऊन या. मी घर आणि दुकान बघते." त्यांचे यजमान गेल्यापासून त्या पालीताणा आणि शिखरजी सोडून कुठे गेलेल्या नाहीत. हा बेत निघाला तेव्हा त्यांनी नातवाकडून नकाशा मागून घेतला होता, हे मला ठाऊक होतं.

उत्तर सूनबाईंनी दिलं. "आत्याबाई नाहीत तर मग सहलीला अर्थ काय? सात जाणार, नाहीतर कुणीच नाही." आणि तिने दुसऱ्या देशांचे हिशेब मांडायला घेतले.

इंग्लंडला ही लस लागत नाही. पण खर्च वाढतो. आम्ही भरली तेव्हा व्हिसाची फी माणशी १२७ पौंड होती, लहान मुलांनाही तेवढीच. सात जणांचे ८८९ पौंड म्हणजे एक लाखाच्या वर, आणि व्हिसा नाकारला तर ते पैसे परत मिळत नाहीत. एक थांबा घेणारं तिकीट सरासरी अठ्ठावन्न हजार, म्हणजे ४,०६,०००. दहा रात्रींसाठी स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर दीड लाख. तिथला प्रवास सत्तर हजार, किराणा चाळीस हजार, विमा वीस हजार. बेरीज आठ लाखांच्या थोडी आत. म्हणजे मर्यादेपेक्षा दीड लाख जास्त.

आम्ही मर्यादा मोडली नाही, मुदत वाढवली. एक वर्ष थांबायचं ठरलं. भिशीचा आणखी एक नंबर आला, दिवाळीची खरेदी आवरती घेतली, मुलाने गाडी बदलायचं पुढे ढकललं. थांबण्यात भीती होती, खोटं कशाला बोलू. ७१ चं ७२ होतं, गुडघे कुणासाठी थांबत नाहीत. पण नणंदबाईंनी त्या वर्षात रोज संध्याकाळी खाडीकडे चालायला जायचा नेम धरला आणि पाळला.

आता उपयोगाच्या गोष्टी.

वेळ अशी निवडा की अक्षय तृतीयेची पारणी उरकलेली असतील, मुलांना सुट्टी लागलेली असेल आणि चातुर्मास लांब असेल. इंग्लंडमध्ये मेअखेरीस तिकडच्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा भाव चढतात. आम्ही पहिला पंधरवडा धरला. त्या दिवसांत लंडनला सूर्य सव्वापाचच्या सुमारास उगवतो आणि मावळतो साडेआठच्या सुमारास. नवकारशी सहाच्या पुढे, आणि चौविहार दिवसभर फिरून घरी येऊन आरामात. हिवाळ्यात मात्र तिथे चारच्या आधीच मावळतं, म्हणून डिसेंबरची स्वस्त तिकिटं बघून भुलू नका. पश्चिमेला जाताना सकाळचं विमान घ्या, दिवस लांबत जातो. विमानात जैन जेवणाचा वेगळा कोड असतो, व्हीजेएमएल. तिकीट काढतानाच तो नोंदवा आणि निघण्याआधी दोन दिवस पुन्हा खात्री करा.

खाखरे, भाजलेला चिवडा, मसाले बरोबर न्या. तूप, पेढे, मावा नेऊ नका, दुधाचे पदार्थ तिथे उतरवून घेतात. वेंबलीत आणि लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर आपला सगळा किराणा मिळतो.

व्हिसाचा अर्ज निघण्याच्या तीन महिने आधीच करता येतो, त्याआधी नाही. सहा महिन्यांचे बँकेचे उतारे आणि दुकानाची आयकर विवरणपत्रं तयार ठेवा. पासपोर्ट पहिल्यांदा काढणाऱ्या साठीपुढच्यांना फीमध्ये दहा टक्के सवलत आहे. आमच्या तिघांनाही ती मिळाली. लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत पाचच वर्षं असते, ती तारीख तपासा. टूर कंपनीचं पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस कापतात. तो पैसा बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकून राहतो.

लंडनची मोठी संग्रहालयं फुकट आहेत. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर भुयारी रेल्वेत फुकट जातात. एवढ्यावर चार दिवस सहज निघतात.

आणि दोन दिवस लेस्टरसाठी राखलेत. तिथल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका जुन्या चर्चच्या इमारतीत जैन देरासर आहे, १९८८ साली प्रतिष्ठा झालेलं. श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही मूर्ती एकाच छताखाली आहेत. १९७२ साली युगांडातून हाकललेली कितीतरी गुजराती कुटुंबं या गावात येऊन वसली. नैरोबी राहिली, पण आफ्रिकेतून आलेली आपली माणसं तिथे भेटतीलच, असं हे म्हणतात.

स्वस्त सहल म्हणजे कमी तिकिटाची सहल, असं मीही आधी धरून हिशेब मांडत होते. आता वहीत पहिल्या ओळीला मी खर्च लिहीत नाही. घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि त्यापुढे त्याचा नियम लिहिते. त्या ओळीत जे ठिकाण बसत नाही, ते कितीही स्वस्त असलं तरी आपल्याला परवडत नाही.