पीळ आणि ताण

नट आपण ‘आवळतो’, आणि त्या क्रियापदातच जोर गृहीत असतो. जितकं आवळू तितकं बरं. हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात पोरगा पान्यावर उभा राहून उडी मारतो, तेव्हा आपल्यालाही निर्धास्त वाटतं. मला आता तसं वाटत नाही.

माझी भाची चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गाडी चालवते. तिच्या गाडीच्या चाकांचे १६ नट माझ्या ताब्यात आहेत. मी सूचना शब्दशः पाळते, म्हणून हे काम माझं, असं ती म्हणते. भाषांतरकाराला ही स्तुती की टोमणा, ते मी विचारलेलं नाही.

चाक स्टडवर टांगलेलं असतं, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात नट चाकाला हबवर इतकं दाबून धरतात की बहुतेक भार त्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षणच पेलतं. हा दाब येतो स्टड किंचित ताणला गेल्यामुळे, स्प्रिंगसारखा. म्हणजे आपल्याला हवा असतो ताण. पण टॉर्क रेंच मोजतो तो पीळ. (तमिळ ‘मुरुक्कु’ म्हणजेही मुळात पीळच, चकलीची ती बहीण आपल्याला खाण्यातूनच ठाऊक.) आणि त्या पिळाचा साधारण नव्वद टक्के भाग आट्यांमधल्या आणि नटाखालच्या घर्षणात खर्च होतो. ताण निर्माण होतो तो उरलेल्या दहा टक्क्यांतून. म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांवर वापरला, तर काटा तोच दाखवतो आणि स्टड भलताच ताणला जातो. मर्यादेपलीकडे ताणलेला स्टड परत मूळ लांबीवर येत नाही. सैल नटाचं दुखणं वेगळं: चाक प्रत्येक फेऱ्यात तीळभर हलतं, स्टड पुढेमागे वाकतो आणि थकून तुटतो.

तेव्हा आधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढायचा, कारण गंज किंवा रंगाचा थर नंतर दबला की ताण उतरतो. नट हाताने बसवायचे, मग समोरासमोरचे, फुलीच्या क्रमाने, दोन टप्प्यांत आवळायचे. शेवटचा टप्पा चाक जमिनीला टेकवून. छोट्या गाड्यांचा आकडा बहुधा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण घ्यायचा तो आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलाच. ‘टक्’ झालं की थांबायचं. खातरजमा म्हणून दुसऱ्यांदा टक् करणारे लोक मला वाक्यापुढे तीन उद्गारचिन्हं देणाऱ्यांसारखे वाटतात.

ट्रॅकवरची खरी भानगड उष्णतेची. ब्रेकची धग हबपर्यंत पोचते. ॲल्युमिनियमचं चाक पोलादी स्टडच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे तापलेल्या चाकात ताण आपोआप वाढलेला असतो. त्याच वेळी आकड्यापर्यंत आवळलं, तर गार झाल्यावर तो कमी पडतो. म्हणून पहिल्या फेरीनंतर गाडी आत आली की थांबावं लागतं. हेल्मेट काखेत धरून भाची घाई करते, “मावशी, झालं का गं?” पुढच्या सरळ पट्ट्यावर तिचा वेग किती असेल, हे मला ठाऊक असतं. रिमला हात लावून पाहते. अजून कोमट. तिला पाणी प्यायला पाठवते.

मग सोळाही नट पुन्हा तपासते. परवा पुढच्या डाव्या चाकाचा तिसरा नट टक् होण्याआधी जराशी जागा सोडून फिरला.